अणुकेंद्र दाबलं की पायऑन किती निघतात आणि ते मोजून काय कळतं?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून वाशिम-यवतमाळला खेटून असलेल्या या भागाचं नाव अधूनमधून बातम्यांत येतं आणि त्यासोबत ‘न्यूट्रॉन तारा’ हा शब्दही येतो. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा. असे दोन तारे एकमेकांत विलीन होताना गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उमटणारे तरंग, उठतात. अशा विलीनीकरणाची पहिली लहर १७ ऑगस्ट २०१७ रोजी पकडली गेली. शेवटच्या काही फेऱ्यांत ही लहर कशी बदलत जाते, हे ताऱ्याच्या आतलं द्रव्य किती दाबलं जातं यावर ठरतं.

ते द्रव्य पृथ्वीवर दाबून पाहायचं असेल तर जड अणुकेंद्रं वेगानं एकमेकांवर आदळवावी लागतात. त्या आदळण्यातून बाहेर पडणारा एक हलका कण म्हणजे पायऑन. ‘पायऑनच्या संख्येवरून न्यूट्रॉन ताऱ्याचं अंतरंग उलगडलं’ असे मथळे येतात, पण मधल्या पायऱ्या कोणी सांगत नाही. त्या मधल्या पायऱ्यांतच खरी गंमत आहे आणि खरी अडचणही.

## हे द्रव्य किती दाट असतं?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. कॅल्शियम घ्या, सोनं घ्या की शिसं, अणुकेंद्राच्या मधल्या भागात न्यूक्लिऑनची गर्दी जवळजवळ सारखीच असते: एका घन फेम्टोमीटरमध्ये ०.१६. फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा एक हजार लाख कोटीवा... थोडक्यात, मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. या घनतेचं एक घन सेंटिमीटर द्रव्य गोळा करता आलं तर त्याचं वजन सुमारे २७ कोटी टन भरेल. यापुढे हिला ‘नेहमीची घनता’ म्हणू.

न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या साधारण १२ किलोमीटर असते. त्याचा मध्य नागपूरच्या झिरो माइलवर ठेवला तर उत्तरेची कड कोराडीच्या आसपास पडेल आणि दक्षिणेची विमानतळाच्या थोडी पलीकडे. एवढ्याशा जागेत सूर्याच्या दीड-दोन पट वस्तुमान असतं. ताऱ्याच्या गाभ्यात घनता नेहमीच्या कित्येक पट होते आणि तिथे काय चालतं ते आपण थेट बघू शकत नाही.

## दाबाला विरोध किती होतो, हा मूळ प्रश्न

विदर्भात जिनिंग-प्रेसिंग पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. रुईची गाठ दाबताना सुरुवातीला प्रेस सहज खाली येतो आणि शेवटच्या काही इंचांत सगळी ताकद लागते. अणुकेंद्रातल्या द्रव्याचंही तसंच आहे. नेहमीच्या घनतेपर्यंत ते आपणहून येतं. त्यापुढे प्रत्येक टप्प्याला विरोध वाढत जातो. हा विरोध किती झपाट्यानं वाढतो याच्या हिशेबाला अवस्था समीकरण म्हणतात. विरोध झपाट्यानं वाढला तर द्रव्य ‘ताठ’, सावकाश वाढला तर ‘मऊ’.

या विरोधात दुसरा एक भागही असतो. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारख्या संख्येत असले की द्रव्य सुखात असतं. न्यूट्रॉन जास्त झाले की त्या असमतोलाची किंमत ऊर्जेच्या रूपात मोजावी लागते. ही किंमत म्हणजे सममिती ऊर्जा. नेहमीच्या घनतेला ती प्रति न्यूक्लिऑन ३२ एमईव्हीच्या जवळपास आहे. एमईव्ही हे ऊर्जेचं माप आहे. इथे तुलनेसाठी एवढंच लक्षात ठेवा की प्रोटॉनचं वस्तुमान या मापात ९३८ भरतं. घनता वाढली की ही किंमत किती चढते, याच्या उताराला ‘एल’ म्हणतात. न्यूट्रॉन तारा जवळजवळ न्यूट्रॉनचाच बनलेला असल्यामुळे त्याची त्रिज्या या एलवर बरीच अवलंबून आहे: एल मोठा असेल तर दाब जास्त आणि तारा फुगीर. पायऑनची सगळी खटपट मुख्यतः या एका आकड्यासाठी आहे.

## पायऑन कोण?

न्यूक्लिऑनना एकत्र धरणाऱ्या बलाचा वाहक म्हणून हिदेकी युकावा यांनी १९३५मध्ये अशा कणाचं भाकीत केलं. १९४७मध्ये ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटानं तो फोटोग्राफिक प्लेटवर पकडला. त्याच्या काही वर्षं आधी कोलकात्याच्या देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात प्लेटा ठेवून याच पद्धतीनं मेसॉनच्या (पायऑन ज्या कुळातला, त्या कणांच्या) खुणा शोधल्या होत्या. ही गोष्ट आपल्याकडे अजूनही फार कमी सांगितली जाते आणि ती सांगितली जायला हवी.

पायऑन तीन प्रकारचे असतात: धन, ऋण आणि उदासीन. विद्युतभार असलेल्यांचं वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही, उदासीनाचं १३५. धन आणि ऋण पायऑन सरासरी २६ नॅनोसेकंद जगतात. तेवढ्या वेळात प्रकाश पावणेआठ मीटर जातो, त्यामुळे शोधकयंत्रापर्यंत पोचायला त्यांना पुरेशी सवड मिळते. उदासीन पायऑन मात्र जवळपास जागीच दोन गॅमा किरणांत फुटतो.

## दहा एमईव्हीची तूट आणि ती कशी भरून निघते

आता एक नेमकं उदाहरण घेऊ. कथलाचं अणुकेंद्र प्रति न्यूक्लिऑन २७० एमईव्ही ऊर्जेनं, म्हणजे प्रकाशाच्या ६३ टक्के वेगानं, स्थिर असलेल्या दुसऱ्या कथलाच्या अणुकेंद्रावर सोडलं. त्यातल्या एका न्यूक्लिऑनची समोरच्या एकाशी गाठ पडली. ही २७० सगळी कामी येत नाही, कारण टकरीनंतर दोघांना मिळून पुढे सरकत राहावं लागतं. नवा कण बनवायला फक्त १३० एमईव्ही उरतात. पायऑनला हवेत १४०. म्हणजे मोकळ्या जागेत दोनच न्यूक्लिऑन असते तर एकही विद्युतभारित पायऑन बनला नसता. त्यासाठी २९० एमईव्हीच्या आसपास लागतात; हाच पायऑनचा उंबरठा.

तरी पायऑन निघतात. याचं पहिलं कारण म्हणजे अणुकेंद्रातले न्यूक्लिऑन स्वस्थ बसलेले नसतात. ते आतल्या आत प्रकाशाच्या पाव वेगापर्यंत धावत असतात. समोरासमोर धावणाऱ्या जोडीला तूट भरून काढण्याइतकी जादा ऊर्जा मिळते. दाबल्यावर ही धावपळ आणखी वाढते: घनता दुप्पट झाली की कमाल संवेग सुमारे २६ टक्क्यांनी चढतो. दुसरं कारण म्हणजे गर्दीत एकच न्यूक्लिऑन लागोपाठ टकरा खाऊन ऊर्जा साठवू शकतो. म्हणूनच या ऊर्जेला बनणारे पायऑन बहुतेक दाट भागातलेच असतात. उंबरठ्याच्या खाली मुद्दाम प्रयोग करायचं कारण हेच.

पायऑन थेट बनत नाही. आधी एक न्यूक्लिऑन ‘डेल्टा’ नावाच्या जड रूपात जातो. त्याचं वस्तुमान १,२३२ एमईव्हीच्या आसपास असतं, पण पक्कं नसतं, ११७ एमईव्हीचा फैलाव असतो. कमी ऊर्जेला या फैलावातलं हलकं टोक उपयोगी पडतं. मग डेल्टा फुटून न्यूक्लिऑन आणि पायऑन होतात.

## दाट द्रव्य कुठेकुठे हात घालतं?

पायऑनच्या संख्येवर गर्दीचा परिणाम जन्माआधी, जन्मताना आणि बाहेर पडताना असा तिन्ही ठिकाणी होतो.

जन्माआधी प्रश्न ऊर्जेच्या वाटणीचा असतो. द्रव्य ताठ असेल तर येणारी ऊर्जा दाबण्यातच जास्त खर्च होते आणि पायऑनसाठी कमी उरते. शिवाय त्याची घनता मुळात कमीच चढते. मऊ द्रव्य जास्त दबतं आणि पायऑन थोडे जास्त देतं.

जन्मताना उंबरठाच हलतो. दाट द्रव्यात प्रत्येक कणाला भोवतालच्या कणांचं ओढणं-ढकलणं जाणवतं आणि न्यूट्रॉनला जाणवतं ते प्रोटॉनला जाणवतं त्याहून वेगळं असतं. दोन न्यूट्रॉन आदळून एक प्रोटॉन आणि एक ऋण डेल्टा झाला, तर आधीच्या जोडीची ही ऊर्जा आणि नंतरच्या जोडीची ऊर्जा सारखी नसते. फरक कुठून तरी यावा लागतो किंवा कुठे तरी जावा लागतो. त्यामुळे १४०ची गरज आणि तिच्यासोबत उंबरठाही काही एमईव्हीनं वर-खाली होतो. आपण उंबरठ्याच्या अगदी काठावर काम करत असल्यामुळे एवढ्याशा हलण्यानं पायऑनची संख्या चांगलीच बदलते. आणि डेल्टाला दाट द्रव्यात नेमकं किती ओढणं-ढकलणं जाणवतं, हे थेट मोजलेलं नाही. संपूर्ण विषयातली सर्वांत कच्ची वीट हीच.

बाहेर पडताना तर पायऑनची परीक्षाच असते. दाट अवस्था फार थोडा वेळ टिकते. एका सेकंदाचे लाख कोटी भाग करा आणि त्यातल्या एकाचे पुन्हा हजार कोटी, त्याहूनही कमी. पण डेल्टाचं आयुष्य त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच असतं. म्हणजे एवढ्या वेळातही पायऑन सुटतो, शेजारच्या न्यूक्लिऑनमध्ये शिरून पुन्हा डेल्टा होतो, पुन्हा सुटतो. मधेच तो डेल्टा दुसऱ्या न्यूक्लिऑनवर आदळला तर दोन साधे न्यूक्लिऑन उरतात आणि पायऑन कायमचा गडप होतो. शिवाय मंद ऋण पायऑनला न्यूट्रॉनबहुल द्रव्य दूर ढकलतं, वेगवान पायऑनला मात्र ओढतं. बाहेर आल्यावर प्रोटॉनांचा धन विद्युतभार ऋण पायऑनला मागे खेचतो आणि धन पायऑनला पुढे ढकलतो. यंत्रात पोचलेला पायऑन इतक्या हातांतून गेलेला असतो.

## नुसती संख्या मोजून फसगत झाली

१९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या बेवालॅक यंत्रावर पायऑन मोजले गेले. ते संगणकाच्या साध्या हिशेबापेक्षा कमी निघाले. ‘उरलेली ऊर्जा दाबण्यात गेली, म्हणजे द्रव्य ताठ आहे’ असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. कल्पना सुंदर होती, पण वाटेत गडप होणारे पायऑन आणि कणांना जाणवणारं ओढणं-ढकलणं यांचा हिशेब नीट मांडल्यावर एवढ्या आधारावर तो निष्कर्ष टिकेना. पुढे जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय संस्थेत केऑन (पायऑनहून जड असा दुसरा कण) मोजले, तेव्हा पारडं मऊ बाजूला झुकलं.

मग एकूण संख्येऐवजी ऋण आणि धन पायऑनचं गुणोत्तर बघायला सुरुवात झाली. दोन न्यूट्रॉनच्या टकरीतून ऋण पायऑन निघतो, दोन प्रोटॉनच्या टकरीतून धन, आणि मिश्र जोडीतून दोन्ही सारखेच. म्हणून ढोबळ हिशेबानं हे गुणोत्तर न्यूट्रॉन-प्रोटॉन गुणोत्तराच्या वर्गाजवळ यायला हवं. वाटेतली पुष्कळ गळती दोघांनाही सारखी लागते, ती भागाकारात निघून जाते. जे उरतं त्यात दाट भागात न्यूट्रॉन किती होते याची खूण असते. एल मोठा असेल तर दाट भाग न्यूट्रॉनना बाहेर ढकलतो आणि ऋण पायऑन कमी होतात. एल लहान असेल तर न्यूट्रॉन आतच राहतात आणि गुणोत्तर चढतं.

सोन्यावर सोनं आदळवलं तर वर्गाचा हिशेब २.२ येतो. जीएसआयच्या फोपी प्रयोगात ४०० एमईव्हीला हे गुणोत्तर तीनच्या आसपास मिळालं आणि ऊर्जा वाढवत नेली तसं ते उतरत गेलं. म्हणजे उंबरठ्याजवळच द्रव्याची खूण ठळक दिसते.

पण याच फोपीच्या आकड्यांवरून २००९मध्ये एका गटानं ‘सममिती ऊर्जा अतिशय मऊ’ असं सांगितलं आणि वर्षभरात दुसऱ्या गटानं ‘ताठ’ असं. आकडे तेच होते. फरक संगणकीय नमुन्यांत होता. उंबरठा हलण्याचा परिणाम धरला तर काही हिशेबांत एल वाढवल्यावर गुणोत्तर उतरण्याऐवजी चढतं. पुढे अनेक गटांनी आपापले नमुने एकाच ठरावीक काल्पनिक पेटीत चालवून पाहिले, टकरीत ऊर्जा खरंच अक्षय्य राहते का, एकाच वेळी होणाऱ्या टकरींचा क्रम कोण कसा लावतो, हे तपासलं. हे काम मथळ्यांत येत नाही. पण ते झालं नसतं तर आज कोणत्याही आकड्यावर भरवसा ठेवता आला नसता.

## कथलाचा प्रयोग कसा झाला?

जपानमध्ये वाको इथल्या रिकेन संस्थेत ‘स्पिरिट’ नावाचा प्रयोग खास या प्रश्नासाठी रचला गेला. कथलाची निवड विचारपूर्वक होती. ५० प्रोटॉन कायम ठेवून न्यूट्रॉन किती तरी बदलता येतात. कथील-१३२मध्ये ८२ न्यूट्रॉन, कथील-१०८मध्ये ५८. कथील-१३२चं अर्धायुष्य फक्त ४० सेकंद, त्यामुळे ते साठवता येत नाही. युरेनियमचा झोत फोडून त्यातून ते वेगळं काढतात आणि लगेच लक्ष्यावर सोडतात. कथील-१०८ झेनॉनच्या झोतापासून बनवलं. लक्ष्य म्हणून टिकाऊ कथील-१२४ आणि कथील-११२चे पत्रे.

१३२ आणि १२४ची जोडी घेतली तर एकूण १५६ न्यूट्रॉनना १०० प्रोटॉन पडतात, १०८ आणि ११२च्या जोडीत १२०ला १००. प्रोटॉन दोन्हीकडे सारखेच, म्हणून विद्युतभाराचा परिणामही जवळपास सारखा. दोन्ही मापांची तुलना केली की तो बराचसा बाजूला पडतो.

कण पकडायला आर्गॉन आणि मिथेनच्या मिश्रणानं भरलेली पेटी मोठ्या चुंबकात ठेवली होती. कण वायूतून गेला की मागे इलेक्ट्रॉनची रेघ राहते. चुंबकात धन पायऑन एका बाजूला वळतो, ऋण दुसऱ्या. वळण किती यावरून संवेग आणि वाटेत ऊर्जा किती गमावली यावरून कणाची ओळख पटते. इथे ऋण पायऑन सोपे, कारण त्या बाजूला वळणारं दुसरं फारसं काही नसतं. धन पायऑन अवघड: त्याच बाजूला ढिगानं प्रोटॉन वळतात आणि उदासीन पायऑनच्या गॅमा किरणांतून निघालेले पॉझिट्रॉन (धन भाराचे इलेक्ट्रॉन) हेही तिथेच मिसळतात. वर धन पायऑन संख्येनंही कमी. या ऊर्जेला एका टकरीमागे विद्युतभारित पायऑन सरासरी एकसुद्धा निघत नाही, त्यामुळे समोरासमोरच्या टकरी लाखांनी गोळा कराव्या लागतात.

न्यूट्रॉनबहुल जोडीत गुणोत्तर वर्गाच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त भरलं. २०२१मध्ये आलेल्या विश्लेषणात मंद पायऑन बाजूला ठेवून झोताच्या आडव्या दिशेला २०० एमईव्हीपेक्षा जास्त संवेग असलेलेच पायऑन धरले. मंद पायऑनवर विद्युतभाराचा आणि वाटेतल्या ओढाताणीचा प्रभाव जास्त, वेगवान पायऑन दाट भागाची खूण जास्त शुद्ध जपतात. त्यातून एल ४२ ते ११७ एमईव्हीच्या दरम्यान निघाला.

## ‘एवढा मोठा पल्ला म्हणजे काहीच कळलं नाही’ असं का म्हणू नये?

कारण ४२च्या खालच्या आणि ११७च्या वरच्या कल्पना यामुळे मागे पडल्या. त्यात २००९चा ‘अतिशय मऊ’चा दावाही आला. अमेरिकेत शिशाच्या अणुकेंद्रावरची न्यूट्रॉनची साय, म्हणजे कडेचा न्यूट्रॉनबहुल पातळ थर, इलेक्ट्रॉनच्या साहाय्यानं मोजली, त्यातून एल १०६ आला, ३७ कमी-जास्त. पूर्ण वेगळ्या वाटेनं आलेलं माप स्पिरिटच्या पल्ल्याशी जुळतं. शिवाय ते नेहमीच्या घनतेजवळचं आहे. पायऑन त्याहून दाट भागाबद्दल बोलतात.

## पण टक्कर तापलेली असते आणि तारा थंड

हा आक्षेप रास्त आहे. आणखी एक भर घालता येईल: न्यूट्रॉनबहुल कथलाच्या जोडीतही न्यूट्रॉन ६१ टक्केच असतात, ताऱ्यात ते ९०च्या घरात. म्हणून टकरीतलं द्रव्य हे ताऱ्याचा तुकडा नाही. टकरीतून नियम काढायचा, तापमान शून्याकडे आणि न्यूट्रॉन वाढवत नेऊन तोच नियम ताऱ्याला लावायचा, अशी ही पद्धत आहे. २०२२मध्ये टकरींची मापं, गुरुत्वीय लहरी आणि क्ष-किरण दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र करून १.४ सूर्यांच्या ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास काढली गेली. त्या हिशेबात टकरीतून बाहेर पडणाऱ्या कणांच्या प्रवाहाची मापं घेतली होती, पायऑनची नाही. पायऑनवरचा विश्वास अजून त्या पातळीला आलेला नाही.

## मग केऑनच का मोजत नाहीत?

धन केऑन दाट द्रव्यात गडप होत नाही, त्यामुळे तो जास्त प्रामाणिक साक्षीदार आहे. पण मोकळ्या टकरीत त्याला प्रति न्यूक्लिऑन १,५८० एमईव्ही लागतात. कथील-१३२सारखे अल्पायुषी झोत २७०-३०० एमईव्हीला उपलब्ध आहेत, तिथे केऑन हाती लागणार नाही. नेमक्या न्यूट्रॉन-प्रोटॉन फरकाचा प्रश्न विचारायचा तर पायऑनशिवाय सोय नाही. आणि या टकरींत धोका आहे का, हाही प्रश्न लोक विचारतात. एका टकरीची सगळी ऊर्जा सहा नॅनोज्यूल भरते. डास उडायला याहून किती तरी जास्त खर्च करतो.

## पुढची बातमी आली की काय पाहायचं?

डार्मश्टाटला फेअर हे नवं केंद्र उभं राहतं आहे. भारत त्यात भागीदार असून कोलकात्याची बोस संस्था समन्वय करते. तिथे कथलाच्या प्रयोगापेक्षा बरीच जास्त घनता गाठता येईल. मात्र उंबरठ्याच्या बऱ्याच वर असल्यामुळे तिथल्या पायऑनची भाषा वेगळी असेल. त्यामुळे पायऑनवरून एलचा नवा आकडा आला की आधी तीन गोष्टी बघाव्यात: प्रति न्यूक्लिऑन ऊर्जा २९०च्या किती जवळ होती, मंद पायऑन वगळले होते का, आणि डेल्टाच्या ओढण्या-ढकलण्याबद्दल काय गृहीत धरलं होतं. तिसरी गोष्ट बदलली की आकडा किती हलतो हे लेखकांनी दिलं असेल, तर तो पल्ला मोठा असला तरी तोच जास्त विश्वासाचा.